थंडरबर्डमध्ये प्रकल्प आणि कामं कशी लावावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडरबर्ड हा मोझिलाच्या घरातला ईमेल प्रोग्राम. मोफत, मुक्त स्रोत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारा. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. कॅलेंडर आणि कामांची यादी सुरुवातीला ‘लाइटनिंग’ नावाच्या जोडणीतून मिळायची. २०२० साली आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून ती प्रोग्रामचाच भाग झाली. तरीही वर्षानुवर्षं थंडरबर्ड वापरणारे पुष्कळ जण कॅलेंडरची खूण कधी दाबतच नाहीत. हे पान त्यांच्यासाठी आहे: अनुवादक, संपादक, सोसायटीचे सचिव, छोट्या संस्थांचे कार्यकर्ते, घरून व्यवसाय चालवणारी माणसं.

उदाहरणं मुद्दाम दिवाळी अंकाची घेतली आहेत. काम पाच-सहा महिने चालतं, लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक, जाहिरातदार, छापखाना अशी डझनावारी माणसं त्यात असतात, सगळा व्यवहार मेलवर होतो आणि शेवटची तारीख कोणासाठीही पुढे सरकत नाही. दिवाळी अंकाचं काम ज्या मांडणीत निभावतं, तिच्यात घरचं लग्नसुद्धा निभावेल.

मेल एका ठिकाणी आणि कामांची यादी वहीत, असं चालत नाही का?

चालतं. वही उत्तम साधन आहे आणि ज्यांची कामं मेलमधून येत नाहीत त्यांनी वहीच वापरावी. पण ज्यांचं जवळजवळ प्रत्येक काम कुणाच्या तरी पत्रातून सुरू होतं, त्यांना वहीत नोंद करताना अर्धा मजकूर गाळावा लागतो. “जोशींना उत्तर” एवढंच लिहिलं जातं. कोणत्या पत्राला, काय उत्तर, कधीपर्यंत, हे पुन्हा शोधत बसावं लागतं. मेल, कॅलेंडर आणि कामं एकाच खिडकीत असली की पत्राचा मजकूर उचलून थेट कामात नेता येतो. थंडरबर्डचा खरा फायदा एवढाच आहे, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे.

माझा इनबॉक्स हीच माझी कामांची यादी आहे. न वाचलेली पत्रं म्हणजे उरलेली कामं. त्यात काय बिघडलं?

इनबॉक्सचा क्रम दुसरे लोक ठरवतात. जो शेवटी लिहितो तो सगळ्यांत वर. छापखान्याला कागदाचं माप कळवायचं पत्र मंगळवारी आलं, आणि बुधवारी सहा जणांनी “अंक कधी निघणार?” असं विचारलं, की महत्त्वाचं पत्र सातव्या क्रमांकावर जातं.

दुसरी अडचण अशी की एका पत्रात अनेकदा तीन कामं असतात. लेखक लिहितो: मजकूर पाठवला आहे, छायाचित्र कोणतं घ्यायचं ते कळवा, आणि मानधनासाठी बँकेचे तपशील सोबत जोडले आहेत. हे पत्र ‘न वाचलेलं’ म्हणून ठेवलं तर त्यातलं कोणतं काम झालं आणि कोणतं राहिलं, हे दर वेळी उघडूनच कळणार.

तिसरी अडचण: पत्राला शेवटची तारीख नसते. ती मजकुरात कुठेतरी असते, पण प्रोग्रामला माहीत नसते. म्हणून पत्र वेगळं आणि काम वेगळं. पत्र वाचून त्यातलं काम बाहेर काढा, त्याला तारीख द्या आणि पत्र त्याच्या जागी ठेवून द्या. पुढची सगळी उत्तरं या एका सवयीभोवती आहेत.

पत्रातून काम कसं बनवायचं?

यादीतल्या पत्रावर उजवी टिचकी मारा, ‘कन्व्हर्ट टू’ निवडा, त्यात ‘टास्क’. नव्या कामाची खिडकी उघडते; पत्राचा विषय कामाचं शीर्षक म्हणून आणि पत्राचा मजकूर वर्णनात आलेला असतो. तिथे चार गोष्टी करा: शीर्षक बदला, कोणत्या कॅलेंडरमध्ये ठेवायचं ते निवडा, कॅटेगरी म्हणजे प्रकल्पाचं नाव द्या, आणि ‘ड्यू डेट’ भरा. मग जतन करा. सरावानंतर याला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

पत्रातून न आलेलं, फोनवर ठरलेलं काम असेल तर कंट्रोल + डी दाबा; कोरं काम उघडतं. कंट्रोल + आय ने नवी इव्हेंट उघडते. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. सगळी कामं एकत्र पाहायची तर कंट्रोल + शिफ्ट + डी, कॅलेंडर पाहायचं तर कंट्रोल + शिफ्ट + सी. मेल वाचतानाच उजव्या कडेला आजचा दिवस आणि कामं दिसावीत असं वाटत असेल तर एफ ११ दाबा. ‘टुडे पेन’ उघडतो. तो उघडा ठेवायची सवय लावून घ्या अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

एका पत्रात तीन कामं असतील तर तीनदा ‘कन्व्हर्ट’ करा. एकाच कामाच्या वर्णनात तीन मुद्दे लिहिले की तिसरा हमखास राहतो.

शीर्षक बदला असं का म्हणता? पत्राचा विषय काय वाईट आहे?

कारण पत्राचा विषय पाठवणाऱ्याने त्याच्या सोयीने लिहिलेला असतो. “Re: Fwd: लेख” या नावाचं काम यादीत दिसलं तर करायचं काय, ते कळत नाही. शीर्षकात क्रियापद हवं. “मुखपृष्ठ” हे काम होत नाही; “चित्रकाराला मुखपृष्ठाचं माप आणि कण्याची जाडी कळवणे” हे काम. “जाहिराती” हे काम होत नाही; “मागच्या वर्षीच्या जाहिरातदारांना नवं दरपत्रक पाठवणे” हे काम.

हे क्षुल्लक वाटतं, पण यादी तुंबण्याचं मूळ बहुधा इथेच असतं. जे काम आपण रोज पाहून पुढे ढकलतो ते अवघड असतंच असं नाही. त्याचं पहिलं पाऊल कोणतं हे ठरवलेलं नसतं. पहिलं पाऊल लिहा. “अंकाचा विषय ठरवणे” महिनाभर पडून राहील, “संपादक मंडळाला विषयांची यादी पाठवून बैठकीची वेळ विचारणे” आज दुपारी होईल.

इव्हेंट केव्हा आणि टास्क केव्हा?

जे ठरलेल्या वेळी घडणारच आहे, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी, ती इव्हेंट. संपादक मंडळाची बैठक, छापखान्याची भेट, प्रकाशन समारंभ. जे तुम्ही केल्याशिवाय संपत नाही, ती टास्क. इव्हेंटची वेळ उलटली की ती आपोआप भूतकाळात जाते. टास्क मात्र पूर्ण झाल्याची खूण करेपर्यंत राहते आणि तारीख उलटली की ‘ओव्हरड्यू’च्या यादीत जाऊन बसते. म्हणून शेवटच्या तारखा इव्हेंट म्हणून नोंदवू नका. “१५ ऑगस्ट: लेख पाठवायची मुदत” अशी इव्हेंट १६ ऑगस्टला कुणाच्याच डोळ्यांसमोर नसते.

एक मधला प्रकार आहे. मोठं काम, उदाहरणार्थ सलग तीन तास मुद्रितं तपासणं, याला टास्कबरोबर इव्हेंटही करा. टास्क सांगते काय उरलं आहे, इव्हेंट त्यासाठी वेळ अडवून ठेवते.

टास्कच्या खिडकीत ‘स्टार्ट’, ‘स्टेटस’, टक्केवारी, ‘प्रायॉरिटी’ असे कितीतरी रकाने आहेत. सगळे भरायचे का?

नाही. तारीख आणि कॅटेगरी पुरते. ‘स्टार्ट डेट’ मात्र लांबच्या कामांना जरूर द्या: जून महिन्यात दिसून उपयोग नसलेलं काम ‘नॉट स्टार्टेड’मध्ये शांतपणे वाट पाहतं. प्रायॉरिटीचा रकाना मी कोणालाच सुचवत नाही. आठवडाभरात सगळीच कामं ‘हाय’ होतात.

प्रत्येक प्रकल्पाला फोल्डर करावा की टॅग लावावा?

दोन्ही, पण वेगवेगळ्या हेतूंनी. फोल्डर सांगतो पत्र कोणत्या प्रकल्पाचं आहे. टॅग सांगतो पत्राची अवस्था काय आहे.

फोल्डर मोजके ठेवा: चालू प्रकल्पाला एक, आणि शक्यतो त्याच्या पोटात आणखी नकोत. ‘दिवाळी अंक’, त्यात ‘लेखक’, त्यात ‘कथा’, त्यात एकेका कथाकाराचं नाव अशी उतरंड करायचा मोह होतो. मग प्रत्येक पत्र कुठे टाकायचं याचा विचार करावा लागतो, आणि कथा लिहिणाऱ्यानेच जाहिरातही मिळवून दिली तर ते पत्र कुठे जाणार? माणसाच्या नावाने शोधायला फोल्डर लागत नाही. कंट्रोल + शिफ्ट + के दाबलं की यादीच्या वर गाळणीची पट्टी येते, तिथे आडनाव टाइप केलं की झालं.

टॅग मुळात पाच असतात: इम्पॉर्टंट, वर्क, पर्सनल, टू डू, लेटर. पत्र निवडून १ ते ५ आकडे दाबले की लागतात, ० दाबला की सगळे निघतात. सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ विभागात त्यांची नावं आणि रंग बदलता येतात. मला उपयोगी पडलेली नावं: ‘उत्तर द्यायचं’, ‘वाट पाहतेय’, ‘पैशांचं’, ‘संदर्भ’. यापेक्षा जास्त टॅग झाले की लावायचा कंटाळा येतो, आणि अर्धवट लावलेले टॅग हे अजिबात नसलेल्या टॅगपेक्षा वाईट, कारण आपण त्यांच्यावर विसंबतो.

याच्या जोडीला एक फार उपयोगी सेटिंग आहे. अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या भागात, उत्तर ज्या पत्राला दिलं त्याच्याच फोल्डरमध्ये ते ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की तुमची उत्तरं ‘सेंट’मध्ये हरवत नाहीत, प्रकल्पाचा दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार एकत्र राहतो. सहा महिन्यांनी “मानधन किती ठरलं होतं?” असा प्रश्न निघाला की याची किंमत कळते.

मेलचे टॅग आणि कॅलेंडरच्या कॅटेगरी एकच आहेत का?

नाहीत, आणि नव्याने वापरणारे इथे हमखास गोंधळतात. टॅग पत्रांसाठी, कॅटेगरी इव्हेंट आणि टास्कसाठी. दोन्ही याद्या स्वतंत्र. एकीत केलेला बदल दुसरीत होत नाही.

वर म्हटल्याप्रमाणे टॅग अवस्थेसाठी वापरलेत तर कॅटेगरी प्रकल्पाच्या नावासाठी मोकळी राहते. आणि नाव सगळीकडे अक्षरशः तेच ठेवा: मेलचा फोल्डर ‘दिवाळी अंक २०२६’, कॅलेंडरमधली कॅटेगरी ‘दिवाळी अंक २०२६’, संगणकावर फायली ठेवायचा फोल्डर ‘दिवाळी अंक २०२६’. एका ठिकाणी ‘दि. अंक’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अंक २६’ केलंत तर शोध घेताना निम्मंच हाती येईल. सेटिंग्जमधल्या कॅलेंडर विभागात कॅटेगरींची तयार यादी दिसेल, वाढदिवस, ग्राहक, फोन वगैरे. न लागणाऱ्या काढून टाका.

फोल्डरची आणि कॅटेगरीची नावं मराठीत ठेवली तर पुढे अडचण येते का?

थंडरबर्डला देवनागरी नावं चालतात, शोधही देवनागरीत होतो. फक्त लिहिण्याची पद्धत एक ठेवा. ‘मुद्रितशोधन’ आणि ‘मुद्रित शोधन’ ही प्रोग्रामच्या दृष्टीने दोन नावं आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच.

प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळं कॅलेंडर करू का?

ज्या प्रकल्पात दुसरी माणसं आहेत आणि ज्याचं कॅलेंडर पुढेमागे कुणाला द्यावं लागेल, त्याला वेगळं करा. बाकीच्यांना कॅटेगरी पुरे. वेगळ्या कॅलेंडरचा फायदा असा की डाव्या यादीतली खूण काढली की तो प्रकल्प नजरेआड होतो आणि पूर्ण कॅलेंडर एका फाइलमध्ये बाहेर काढता येतं. तोटा असा की दहा कॅलेंडर झाली की नवी नोंद करताना चुकीच्या ठिकाणी जाते.

पत्रं आपोआप प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय आहे का?

आहे. ‘टूल्स’ मेनूत ‘मेसेज फिल्टर्स’. पत्ता किंवा विषयातला शब्द दिला की पत्र हलवणं, टॅग लावणं, तारा लावणं ही कामं फिल्टर करतो. सगळ्या लेखकांना पहिल्याच पत्रात विनंती करा: विषयाच्या सुरुवातीला ‘दिवाळी अंक’ हे शब्द असू द्यावेत. मग एकच फिल्टर पुरतो. जुन्या पत्रांवरही तो त्याच खिडकीतल्या ‘रन नाऊ’ने चालवता येतो.

पण माझा सल्ला: महत्त्वाच्या माणसांची पत्रं फिल्टरने इनबॉक्सबाहेर हलवू नका. त्यांना नुसता टॅग लावा आणि वाचून झाल्यावर हाताने हलवा. न वाचता फोल्डरमध्ये गेलेलं पत्र दोन-दोन दिवस कुणाला दिसत नाही. हलवण्यासाठी फिल्टर वापरायचा तो वार्तापत्रं, बिलं, बँकेच्या सूचना यांच्यासाठी.

आणि हे फिल्टर थंडरबर्ड उघडा असतानाच चालतात. संगणक बंद असेल तेव्हा फोनवर सगळी पत्रं इनबॉक्समध्येच दिसतील. तेही नको असेल तर फिल्टर मेल पुरवणाऱ्या सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन लावावा.

मी पत्र पाठवलं, समोरून उत्तर नाही. याचा हिशेब कसा ठेवायचा?

प्रकल्प रखडतात ते बहुतेक याच जागी. आपलं काम झालं म्हणून आपण ते मनातून काढून टाकतो, समोरच्याकडे ते पडून असतं, आणि दोघांनाही वाटत राहतं की चेंडू दुसऱ्याकडे आहे.

उत्तर अपेक्षित असलेलं पत्र पाठवलं की लगेच पाठवलेल्या प्रतीवर ‘वाट पाहतेय’ हा टॅग लावा आणि त्याच पत्रातून टास्क करा. शीर्षक ‘पाठपुरावा:’ या शब्दाने सुरू होऊ द्या: “पाठपुरावा: छापखान्याकडून कागदाचे दर”. ‘ड्यू डेट’ ही तुम्ही कधी आठवण करणार ती तारीख. त्यांनी कधी उत्तर द्यायचं ती नव्हे. उत्तर आलं की टास्क पूर्ण आणि टॅग काढा.

आठवणीची पत्रं एकसारखी असतात. एकदा नीट, सौजन्याने लिहिलेलं पत्र ‘फाइल → सेव्ह ॲज → टेम्प्लेट’ने ठेवून द्या. ज्येष्ठ लेखकाला तिसऱ्यांदा आठवण करताना घाईत लिहिलेल्या दोन ओळी रुक्ष होतात. शांतपणे लिहून ठेवलेला मजकूर तसा होत नाही.

‘सेव्हड सर्च’ म्हणजे काय? त्याचा प्रकल्पांना काय उपयोग?

तो शोधाच्या अटी लक्षात ठेवणारा फोल्डर आहे. ‘फाइल → न्यू → सेव्हड सर्च’मध्ये जाऊन “टॅग ‘वाट पाहतेय’ आहे” अशी अट द्या आणि शोधायचे फोल्डर निवडा; त्यात ‘सेंट’ विसरू नका. आता सगळ्या प्रकल्पांतली, उत्तराची वाट पाहणारी पत्रं एका जागी दिसतील. टॅग काढला की पत्र यादीतून नाहीसं होतं.

यात पत्रांच्या प्रती नसतात. हा फोल्डर पुसला तरी पत्रं सुरक्षित राहतात. पण त्यात शिरून एखादं पत्र पुसलंत तर ते मूळ जागेवरूनही जातं. हा फरक लक्षात ठेवा.

दर महिन्याला, दर वर्षी येणारी कामं कशी नोंदवावीत?

टास्कला तारीख द्या आणि ‘रिपीट’मध्ये नियम निवडा, नेहमीच्या पर्यायांत बसत नसेल तर ‘कस्टम’. आगाऊ प्राप्तिकराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना येतात, म्हणजे १५ जूनपासून दर तीन महिन्यांनी असा एकच नियम पुरतो. सहकारी गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा महाराष्ट्रात ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी सभासदांना द्यावी लागते. सचिवांनी सभेची एकच नोंद करून भागत नाही. सूचना वाटणं, त्याआधी लेखापरीक्षणाचा अहवाल हाती येणं, त्याआधी हिशेब लेखापरीक्षकाकडे जाणं, अशी मागे मागे जाणारी कामं स्वतंत्र, दरवर्षी येणारी टास्क म्हणून लावा. पुढच्या सचिवाला ती तयार मिळतील.

मग दिवाळी, गणपती, तिथीने येणारं श्राद्ध?

इथे ‘रिपीट’ उपयोगाचं नाही. प्रोग्रामला इंग्रजी तारखा कळतात, तिथी कळत नाहीत. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना येत असल्याने ती १४ सप्टेंबरला आहे. मकर संक्रांत सूर्यावर चालते म्हणून ती तेवढी १४-१५ जानेवारीच्या आसपास राहते.

माझी पद्धत अशी: नवं पंचांग हाती आलं की एक टास्क करायची, “पुढच्या वर्षीच्या तिथी कॅलेंडरमध्ये भरणे”. हीच टास्क मात्र इंग्रजी तारखेने दरवर्षी येऊ द्या. मग सणांच्या इव्हेंट हाताने भरायच्या आणि तिथून उलटं मोजायचं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. अंक विक्रेत्यांकडे त्याच्या निदान तीन आठवडे आधी हवा, म्हणजे छपाई सप्टेंबरअखेर सुरू व्हायला हवी, आणि गणपतीचे दिवस ऐन मांडणीच्या वेळी येतात. हे मे महिन्यात दिसलं तर लेखांची मुदत तशी ठरवता येते. अधिक महिन्याच्या वर्षी दिवाळी लांब आहे म्हणून सैल सोडलेलं वेळापत्रक पुढच्या वर्षी कामाला येत नाही. मागच्या वर्षीच्या टास्क तारखांसकट उचलू नका.

गूगल कॅलेंडर जोडलं. इव्हेंट दिसतात, पण गूगलमधली टास्क दिसत नाहीत. नवी टास्क करताना ते कॅलेंडर यादीतही येत नाही. काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. थंडरबर्ड गूगल कॅलेंडरशी ‘कॅलडॅव्ह’ या ठरलेल्या पद्धतीने बोलतो, आणि गूगल त्या वाटेने फक्त इव्हेंट देतं, टास्क देत नाही.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग: ‘ऑन माय कॉम्प्युटर’ प्रकारचं एक कॅलेंडर करा, त्याला ‘कामं’ असं नाव द्या आणि टास्क तिथे ठेवा, इव्हेंट गूगलमध्ये राहू द्या. दुसरा मार्ग: टास्कही पुरवणारी सेवा घ्या. नेक्स्टक्लाउड हे त्यातलं चांगलं उदाहरण. स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं किंवा कुणाकडून भाड्याने घेता येतं. ज्यांना फोनवर कामं बघायचीच आहेत त्यांच्यासाठी दुसरा मार्ग.

फोनवर काय?

अँड्रॉइडसाठीचं थंडरबर्ड २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आलं. ते ‘के-९ मेल’ या जुन्या ॲपवर उभं आहे आणि मेलसाठी चांगलं आहे, पण कॅलेंडर आणि कामं त्यात नाहीत. नेक्स्टक्लाउड वापरत असाल तर ‘डॅव्हएक्स५’ आणि ‘टास्क्स डॉट ऑर्ग’ या दोन ॲपनी तीच टास्क फोनवर दिसतात आणि तिथे केलेली खूण संगणकावरही पोचते.

आठवण वाजलीच नाही!

थंडरबर्ड बंद असेल तर आठवण येत नाही. प्रोग्राम उघडल्यावर राहिलेल्या आठवणी एकदम समोर येतात. औषधाची वेळ, गाडीची वेळ, परीक्षेची वेळ अशा गोष्टी केवळ संगणकावर सोपवू नका. त्या फोनच्या कॅलेंडरमध्ये असाव्यात. नव्या टास्कना आपोआप आठवण लागावी की नाही, हे सेटिंग्जच्या कॅलेंडर विभागात ठरवता येतं.

लेखक अमेरिकेत आहेत. बैठकीची वेळ दर वेळी चुकते.

इव्हेंटच्या खिडकीतल्या ‘ऑप्शन्स’ मेनूतून टाइमझोन दाखवा आणि वेळ ज्या ठिकाणची ठरली आहे तो विभाग निवडा. भारतातली संध्याकाळी ७ ची वेळ न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळी ९:३० असते आणि हिवाळ्यात ८:३०. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात, आपली होत नाहीत. दिवाळी अंकाची शेवटची धावपळ नेमकी या बदलाच्या आसपास असते. प्रोग्रामला विभाग सांगितला की तो हा हिशेब स्वतः करतो. बैठकीचं निमंत्रण इव्हेंटमधूनच पाठवा. “संध्याकाळी भेटू” असं पत्रात लिहिलं की कोणाची संध्याकाळ हे दोघं वेगवेगळं समजतात.

इनबॉक्समध्ये हजारो पत्रं साचली आहेत. सुरुवात कुठून करू?

जुनी लावत बसू नका. तीन महिन्यांपूर्वीची सगळी पत्रं निवडा आणि ‘ए’ ही कळ दाबा. ती ‘अर्काइव्ह’मध्ये जातात. पुसली जात नाहीत, शोधात सापडतात. वर्षवार फोल्डर करायचे की महिनावार, हे अकाउंट सेटिंग्जमध्ये आधी ठरवून घ्या. उरलेल्या तीन महिन्यांच्या पत्रांतून एका बैठकीत कामं बाहेर काढा.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, टास्कच्या पानावर जाऊन आधी ‘ओव्हरड्यू’ आणि मग ‘नेक्स्ट सेव्हन डेज’ पाहा. तारीख उलटलेल्या प्रत्येक कामाला तीनच उत्तरं: आज करते, नवी तारीख देते, किंवा हे आता करायचंच नाही म्हणून रद्द करते. ‘कॅन्सल्ड’ ही स्थिती त्यासाठीच दिली आहे आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

संगणक बिघडला तर हे सगळं जाईल का?

आयमॅप पद्धतीने (म्हणजे पत्रं मेल सेवेकडेच ठेवून ती संगणकावर दाखवणाऱ्या पद्धतीने) जोडलेली पत्रं सर्व्हरवर असतात, ती राहतील. ‘ऑन माय कॉम्प्युटर’ कॅलेंडरमधल्या इव्हेंट आणि टास्क मात्र फक्त तुमच्या डिस्कवर असतात. हे ठाऊक नसल्याने लोकांची वर्षांची कामं गेलेली आहेत, म्हणून पुन्हा सांगते: त्यांची प्रत तुम्हालाच ठेवावी लागेल. ‘इव्हेंट्स अँड टास्क्स’ मेनूत ‘एक्सपोर्ट’ आहे, त्याने कॅलेंडर एका आयसीएस फाइलमध्ये निघतं. सगळ्याची प्रत हवी तर ‘टूल्स → एक्सपोर्ट’. प्रोफाइल, म्हणजे तुमची पत्रं, नोंदी आणि सेटिंग्ज यांचा साठा, दोन जीबीपेक्षा मोठं असेल तर प्रोग्राम बंद करून प्रोफाइलचा फोल्डरच बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. तो कुठे आहे हे ‘हेल्प → ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये दिसतं.

आयसीएस ही कुणा एका कंपनीची मालकीची रचना नाही. १९९८ साली ठरलेलं आणि २००९ मध्ये सुधारलेलं ते खुलं प्रमाण आहे, आणि बहुतेक सगळी कॅलेंडर ते वाचतात. उद्या थंडरबर्ड सोडावंसं वाटलं तरी तुमच्या तारखा तुमच्याच राहतात.

आम्ही पाच-सहा जण मिळून काम करतो. सगळ्यांसाठी हेच वापरावं का?

सामायिक तारखांसाठी हो: गूगल किंवा नेक्स्टक्लाउडचं एक कॅलेंडर सगळ्यांनी जोडावं. पण कोणतं काम कोणाकडे आहे, एका कामाच्या पोटातली छोटी कामं कोणती, कशावर काय अडलं आहे, हे सगळ्यांना एकदम दिसायला हवं असेल तर थंडरबर्ड त्यासाठी अपुरा आहे. ट्रेलोसारखं फलकावर कार्डं लावणारं साधन किंवा सगळ्यांना उघडता येईल असं एक साधं कोष्टक बरं. प्रत्येकाने स्वतःच्या वाट्याची कामं मात्र स्वतःच्या थंडरबर्डमध्ये ठेवावीत.

प्रकल्प संपल्यावर काय करायचं?

अंक वाचकांच्या हाती गेल्यावर लगेच आवरू नका. मानधनं, जाहिरातींची येणी आणि लेखकांना पाठवायच्या प्रती राहिलेल्या असतात. त्यांच्या टास्क संपल्या की मेलचा फोल्डर ‘संपलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवा, कॅलेंडर वेगळं असेल तर त्याची आयसीएस फाइल काढून प्रकल्पाच्या फायलींबरोबर ठेवा आणि डाव्या यादीतली त्याची खूण काढा. पूर्ण झालेल्या टास्क पुसू नका. कोणता लेख कधी मागवला आणि प्रत्यक्षात कधी आला, छापखान्याला किती दिवस लागले, हे त्या तारखांमध्ये नोंदलेलं असतं, आणि पुढच्या वर्षीची मुदत ठरवताना त्याच तारखा लागतात.